उचला काका, दिली

"उचला काका, दिली."

कॅरम खेळताना आमच्या ह्यांची सोंगटी भोकाच्या तोंडाशी येऊन थांबली, की तो समोरून हे वाक्य टाकायचा. वर हात असा झटकायचा, जसा काही बंगलाच बक्षीस देतोय. ह्यांचा उजवा हात तेव्हा कापायला लागला होता. चहाचा कप बशीत ठेवताना टकटक वाजायचा, मग स्ट्रायकर सरळ कुठला जायला? पण तो "दिली" म्हणाला, की हे ती सोंगटी मोठ्या ऐटीत उचलायचे आणि त्या रात्री दोन घास जास्त जेवायचे.

तो आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. मुलुंडमधल्या आमच्या सोसायटीत बँकवाले आहेत, माझ्यासारख्या रिटायर्ड शिक्षिका आहेत, एक औषधांचे दुकानदार आहेत. पोटापाण्यासाठी गोल्फ खेळणारा मात्र हा एकटाच. तुमच्या सोसायटीत कोणी असला तर जरूर सांगा. तो राहायला आला तेव्हा सेक्रेटरींनी विचारलं, "काय करता आपण?"

"गोल्फ खेळतो."

"ते रविवारचं झालं हो. काम काय करता?"

"गोल्फच खेळतो."

त्याची बायको सीमा एका लॅबमध्ये नोकरीला आहे, हे कळलं तेव्हा कुठे सेक्रेटरींचा जीव भांड्यात पडला.

त्याचे वडील चेंबूरकडे गोल्फच्या मैदानावर गवत कापायचे. शाळेत असल्यापासून हा तिथल्या मेंबर लोकांच्या बॅगा वाहायचा आणि संध्याकाळी त्यांनी टाकून दिलेल्या काठ्यांनी खेळायचा. त्यातूनच पुढे आला. एक मोठी स्पर्धाही जिंकला होता, तिचा कप टीव्हीवर ठेवलेला असे आणि त्यात सीमाच्या केसांच्या पिना असत. उन्हातान्हात खेळून रापलेला, पण डावा पंजा तेवढा गोरापान. ग्लोव्ह एकाच हातात घालतात म्हणे. मी चिडवायची, "अरे, तुझे दोन हात काय दोन वेगळ्या आयांचे?" त्यावर तो अगदी लहान मुलासारखा हसायचा.

मग त्याची पाठ दुखायला लागली. खेळ घसरला आणि त्याचं कार्ड गेलं. कार्ड म्हणजे वर्षभर मोठ्या स्पर्धांत खेळायचा परवाना. तो नसला की शिकवण्या घ्यायच्या. हा चेंबूरला मेंबर लोकांना शिकवू लागला, त्यांच्याबरोबर खेळू लागला. "दिली" हा प्रकार तिथलाच.

"मेंबर लोकांच्या खेळात ना काकू, चेंडू होलपासून वीतभर राहिला की समोरचा म्हणतो, उचल, दिला. मग तो मारायचाच नाही. पडला असं धरायचं."

"आणि तुमच्या स्पर्धेत?"

"तिथे कोण देतोय! बोटभर राहिला तरी पाडावा लागतो."

चाळिशी उलटल्यावर त्याने कार्डासाठी पुन्हा एकदा उतरायचं ठरवलं. सीमाने मला जिन्यातच गाठलं. "काकू, ह्या वेळी नाही झालं तर बस. एकटी किती ओढणार मी?" त्यालाही ते मान्य होतं. रोज सकाळी कंपाउंडमध्ये, मातीत स्टीलचा पेला पुरून तो चेंडू पाडत बसायचा. माझ्या खिडकीखालीच. टण्ण आवाज आला की मी मनात म्हणायची, चला, एक पडला.

परगावची ती कार्डाची स्पर्धा आटोपून आला तो बॅग घेऊन थेट आमच्याकडेच. वर जायची हिंमत नव्हती. मी पाणी दिलं, ते त्याने तसंच हातात धरून ठेवलं.

"चांगला खेळलो काकू. शेवटच्या दिवशी शेवटचं होल. चेंडू वीतभर लांब. डोक्यात आलं, झालं, आता सीमाला फोन करायचा. आणि वाकलो, आणि चेंडू हाताने उचलला."

मला कळेना. "मग?"

"उचलायचा नसतो ना! मेंबरांबरोबर रोज उचलतो, तसा उचलला. कोणी 'दिला' म्हटलंसुद्धा नव्हतं. एका फटक्याचा दंड. परत ठेवला, मारला, पडला. पण कार्ड त्या एका फटक्याने गेलं."

आमचे हे कापऱ्या हाताने त्याची पाठ चोळत राहिले.

त्यानंतर तो बदलला. त्याच्या लहान मुलीने ताटात भाताचं एक शीत ठेवलं तरी तिच्यावर ओरडल्याचा आवाज खाली ऐकू यायचा. कॅरमला आला तोही बऱ्याच दिवसांनी. ह्यांची सोंगटी भोकाच्या तोंडाशी थांबली. हे सवयीने त्याच्याकडे बघत राहिले.

"पाडा काका," तो म्हणाला.

ह्यांनी स्ट्रायकर मारला, तो बाजूने निघून गेला. पुन्हा पाळी आली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ह्यांनी हात मांडीखाली घेतला आणि "दमलो रे" म्हणाले. तो उठून गेला. मला त्याचा भयंकर राग आला. वर जाऊन चार शब्द सुनवावेत म्हणून जिना चढलेसुद्धा. दारातून दिसलं, हा अंधारात टीव्हीसमोर बसलाय आणि टीव्ही बंद आहे. तशीच खाली आले. त्या रात्री मला त्याच्यासाठी रडू आलं.

कॅरम भिंतीला लागला तो लागलाच. पुढे त्याला बंगळुरूकडच्या एका रिसॉर्टमध्ये नोकरी लागली. पाहुण्यांना गोल्फ शिकवायचं. टेम्पो भरून झाला तसा तो निरोप घ्यायला आला. दारातच उभा.

"बोर्ड काढ गं," हे मला म्हणाले.

"काका, टेम्पो थांबलाय."

"थांबू दे. एक बोर्ड होऊन जाऊ दे."

खेळ काय, नावालाच. त्याचंही लक्ष नव्हतं. त्याची काळी सोंगटी भोकाच्या तोंडाशी जाऊन थांबली. ह्यांनी कापरा हात वर केला आणि झटकला.

"उचल रे. दिली."

तो मग म्हणाला, "नको काका. पाडतो."

त्याने स्ट्रायकर लावला. बोट मागे नेलं, पण मारलं नाही. तो गोरा डावा पंजा बोर्डाच्या कडेवर घट्ट दाबून धरलेला.

"अरे, स्पर्धा नाहीये ही," हे म्हणाले. "उचल."

त्याने ती सोंगटी उचलली आणि मूठ मिटली. खालून हॉर्न वाजला, सीमाची हाक आली. तो आमच्या पाया पडला आणि तसाच खाली गेला.

संध्याकाळी मी सोंगट्या डब्यात भरायला घेतल्या तर एक काळी कमी. सोफ्याखाली पाहिलं, गालिचा झटकला.

"मुठीतच राहिली असणार त्याच्या," मी म्हटलं. "फोन करून सांगते, पाठवून दे म्हणून."

"काही सांगू नकोस," हे म्हणाले. "दिली म्हटलं होतं ना मी."