अर्धी अर्धी वच्छलाबाई

मंगरूळपीरच्या बसस्टँडसमोर जब्बारचं दुकान आहे. धंदा मोबाइल दुरुस्तीचा आणि लग्नाच्या शूटिंगचा, पण तोंड असं की जणू इंटरनेट यानंच काढलं. काच बदलायला आलेल्या माणसाला तो आधी टोरंट समजावणार, मग काच बदलणार.

"हे पाहा काका, गावजेवणात एकच वाढपी असला त शेवटच्या पंगतीले काय भेटते? घंटा! म्हणून इथं जेवणाराच वाढपी. फाइलीचे तुकडे पाडले, एक याले देल्ला, एक त्याले. मंग तुमी आपसात बदला. ना कोनी मालक, ना मुनीम!"

काका बिचारे माना डोलवायचे. करतात काय, मोबाइल त्याच्या हातात असायचा.

तर अशात वच्छलाबाई वारली. जयंतीला भीमगीतं गायची ती. माइक बंद पडला तरी आवाज चौकापलीकडे जायचा. जब्बारला शूटिंगचं पहिलं काम तिनंच मिळवून दिलं होतं, म्हणून तो तिला मावशी म्हणायचा. तिच्या शेवटच्या कार्यक्रमाचं शूटिंग त्याच्या कॉम्प्युटरवर होतं, दुसरीकडे कुठंच नाही. मुलगा संघदीप कारंज्याला मास्तर, मुलगी पल्लवी पुण्यात नर्स. दोघांनी ते मागितलं. शहाण्या माणसानं दोन पेन ड्राइव्ह भरून पाठवले असते. पण मग तो जब्बार कसला!

त्यानं टोरंट, म्हणजे तुकडे कुठून घ्यायचे ते सांगणारी इवलीशी फाइल, बनवून दोघांना व्हॉट्सॲपवर धाडलं. नेट पडलं मरतुकडं, म्हणून सोय अशी केली की एकाला दिलेला तुकडा दुसऱ्याला द्यायचाच नाही. बहीणभाऊ आपसात बदलून घेतील. बेत झकास होता. फक्त अख्ख्या मंगरूळपीरला माहीत असलेली गोष्ट हा दीडशहाणा विसरला. आईच्या दुखण्यात कोणी किती केलं, यावरून ही दोघं एकमेकांचं तोंड पाहत नव्हती.

संघदीपनं फोनवर विचारलं, "माह्याशिवाय आनखी कोन घेऊन राह्यलं हे?"

"पल्लवी."

"मंग माह्याकडून तिले कायी नाय जानार. देनं बंद कसं करतेत, सांग."

आणि या बहाद्दरानं सांगितलं! पल्लवीनं तेच विचारलं, तर तिलाही सांगितलं. झालं, दोन्हीकडे फाइल निम्म्यावर येऊन अडकली.

बाकीचे तुकडे आपणच पाठवू, असं म्हणत जब्बारनं कूलर भरायला पाइप लावला आणि टपरीवर चहाला गेला. तिथं चहावाल्याला टोरंट समजावण्यात असा रंगला की पाइपाचं भानच राहिलं नाही. परत येतो तर दुकानात तळं आणि कॉम्प्युटरमधून धूर. वाशिमच्या दुरुस्तीवाल्यानं डिस्क पाहिली आणि हात जोडले.

जब्बार घरी येऊन ढसाढसा रडला. मावशी एकदा गेली होती ती गेली होती, आता यानं तिला दुसऱ्यांदा घालवली होती. दोघांजवळचे तुकडे असे मधूनमधून तुटलेले, की चालवून पाहिलं तर ना धड चित्र, ना आवाज.

बायको लतीफा वैतागली. "रडता कायले? साऱ्या दुनियेले वाटून खायले शिकवता, अन् या दोघाइले नाय सांगता येत? लावा फोन!"

दुकानात नवी डिस्क बसवून त्यानं व्हॉट्सॲपवर धाडलेलं तेच टोरंट उघडलं. त्याच्याकडे आता शून्य. काउंटरवर दोन मोबाइल शेजारी शेजारी ठेवले, एकावरून संघदीपला, दुसऱ्यावरून पल्लवीला फोन लावला आणि दोन्हींचे स्पीकर चालू केले.

"चूक माही हाय, मले जोडे मारा," तो म्हणाला. "पन मावशी आता माह्यापाशी नाय. अर्धी मास्तरजवळ हाय, अर्धी पल्लवीजवळ. देनं चालू नाय केलं, त दोघाइजवळ नुसता कचरा हाय."

"तिले म्हना, पह्यले तिनं करावं," संघदीप म्हणाला.

"अन् त्याले इचारा, आईच्या आपरेशनले पह्यले कोन आलं होतं?" पल्लवी कडाडली.

जब्बारचं डोकं सटकलं. "चूप! घाला चुलीत तुमचं पह्यलं न् दुसरं! मले माह्या मावशीचा आवाज पाह्यजे!" आणि स्वतःच्याच ओरडण्यानं त्याला हुंदका फुटला.

जब्बार स्क्रीनकडे बघत बसला. पुण्याकडून देणं सुरू झालं. मग बऱ्याच वेळानं कारंज्याकडूनही. अडकलेले आकडे सरकायला लागले. जब्बारकडेही थेंब थेंब यायला लागलं, पण त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. घेऊन पळणारे त्यानं जन्मभर पाहिले होते. यांचं पुरं झालं की ही दोघं बंद करणार, आणि आपण राहणार कोरडे, हे तो धरूनच चालला होता.

दोघांचं पुरं झालं.

"दादा," पल्लवी म्हणाली. जब्बारशी नव्हे, सरळ भावाशी. "आली का आई पुरी?"

"आली," संघदीप म्हणाला. "तू बंद नको करू बरं, पल्लू. जब्बारची बाकी हाय अजून."