हलकी होत गेलेली फाइल

आमच्या ह्यांना घरातला गळका नळ कधी दुरुस्त करता आला नाही, पण कुठकुठले प्रोग्रामर जिच्यावर विसंबून होते अशी एक लायब्ररी ह्यांनी एकट्यानं लिहिली होती. लायब्ररी म्हणजे तरी काय, इतरांनी आपापल्या प्रोग्रामला जोडायच्या तयार कोडची एकुलती एक फाइल. प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यामध्ये ती निरोप्याचं काम करायची. तुम्ही एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला कळणाऱ्या भाषेत, प्रश्न लिहायचा, तिनं तो पोचवायचा आणि आलेलं उत्तर नीट मांडून हातात द्यायचं. "मोठ्या लायब्रऱ्या प्रश्नसुद्धा स्वतःच लिहितात," हे तोंड वाकडं करून सांगायचे, जणू कुणी न विचारता आमच्या फडताळात हात घातला होता.

ह्यांचा नियम एकच. सगळी फाइल डोक्यात मावली पाहिजे. ज्या ओळीचं काम आठवत नाही, ती काढायची. लोक नवनव्या सोयी मागायचे आणि हे नन्नाचा पाढा लावायचे.

गेल्या वर्षी फाइल भराभर लहान व्हायला लागली. लोक खूश. इतकी हलकी लायब्ररी दुसरी नाही, असं कौतुक यायचं आणि मी हुरळून ते मोठ्यानं वाचून दाखवायचे.

मग लेकीचा फोन आला. तिच्या ऑफिसात हीच लायब्ररी वापरत.

"आई, बाबांनी ट्रान्झॅक्शन काढून टाकलंय."

"म्हणजे काय गं?"

"चार बदल एकत्र करायचे असले की एक तर चारही व्हायचे, नाहीतर एकही नाही. ती सोयच गेली. आमचं अर्धं काम झालं, अर्धं लटकलं. बाबा असं कसं करतील?"

मी ह्यांना विचारलं. हे ओशाळले. "वाचलं मी ते. पण कशासाठी लिहिलंय तेच आठवेना. म्हणून काढलं."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. हे विसरत चालले होते, आणि जे विसरतील ते नियमानं काढून टाकत होते. डॉक्टरांनी नंतर त्याला एक लांबलचक नाव दिलं.

लेकीनं काढलेलं परत घातलं आणि फाइल स्वतःकडे घेतली. ह्यांनी कुरकुर केली नाही. "लहान ठेव गं," एवढंच म्हणाले. त्या दिवशी मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

काम गेलं, पण सवय काही गेली नाही. हे बैठकीच्या भिंतीवरच्या फोटोंकडे वळले.

"हा कोण?"

"तुमचा मावसभाऊ."

"आठवत नाही." की फोटो खाली.

मग आत्या गेल्या, मित्र गेले. मी वाद घातला, चिडले, एकदा अबोलाही धरला, तर हे अबोल्याचं कारणच विसरले. शेवटी मीच फोटो पुसून कपाटात ठेवू लागले.

काल सकाळी भिंतीवर एकच उरला होता, आमच्या लग्नाचा. मी चहा घेऊन आले तर हे स्टुलावर चढलेले.

"हा मी," हे म्हणाले. "ही कोण?"

ज्या माणसाशी अर्धा जन्म भांडले, त्याला आपली ओळख काय म्हणून करून द्यायची?

ह्यांनी फोटो खिळ्यावरून काढला, थोडा वेळ हातात धरला आणि परत अडकवला. तिरपा झाला होता, तो सरळ केला.

"आठवत नाही," हे म्हणाले. "पण राहू दे. हिला काढलं तर काहीतरी बंद पडेल असं वाटतंय."

मी कप खाली ठेवला आणि स्टूल दोन्ही हातांनी धरलं.

"उतरा आता," म्हटलं, "चहा निवतोय."