यांची उत्तरं मी देत होते

"मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली आहे," अमरावतीच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन उजेडासमोर धरून सांगितलं. "याला स्ट्रोक म्हणतात. हातपाय हळूहळू सुधारतील. बोलण्याचं आत्ताच सांगता येत नाही."

वरूडला यांचं, माझ्या नवऱ्याचं, ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. इंजिन चालू असलं तरी यांचा आवाज रस्त्यापलीकडे जायचा. त्या सकाळी मात्र चहा मागताना तोंडातून नुसते तुटके आवाज आले होते.

पुढे अफेजिया हा शब्द कळला. माणसाला समजतं, पण शब्द ओठांवर येत नाहीत. घरी आल्यावर गोळ्या, अंघोळ, मालिश, भेटायला येणारे. सगळ्यांना तेच तेच सांगून मी थकून जायचे.

दवाखान्यातून निघताना स्ट्रोकच्या संशोधनासाठी आम्ही फोन नंबर दिला होता. दर महिन्याला एक मुलगी फोन करायची. झोप लागते का, चालता येतं का? भाजी चिरता चिरता मीच उत्तरं द्यायचे.

एकदा ती म्हणाली, "काकू, आजचे प्रश्न मनाबद्दल आहेत. ते काकांनाच विचारावे लागतील."

"त्यायले बोलता येत नाही, बाई."

"हो-नाही म्हणाले तरी चालेल. मी थांबते."

उगाच वेळ जाणार, असं म्हणत मी स्पीकर लावला.

"काका, तुम्हाला एकटं वाटतं का?"

मी 'नाही' म्हणणारच होते. घरात माणसांचा राबता, मी सतत समोर. यांनी डावा हात उचलून मला अडवलं. ओठ नुसते हलत राहिले. ती मुलगी खरंच थांबली.

"हो," हे म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी चिडलेच. "काहून एकटं वाटते? मी आहो ना इथंच!"

बऱ्याच वेळानं शब्द आले. "तू... मले... इचारत... नाही."

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी स्पीच थेरपी, म्हणजे बोलणं पुन्हा शिकवणारे उपचार, सुरू केले. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना एवढंच सांगते, विचारा आणि थांबा. थांबणं फार दमवतं. मी अजूनही मधेच शब्द पुरवते, मग हे डोळे वटारतात.

शेवटच्या फोनला सगळी उत्तरं यांनीच दिली. मुलीनं आभार मानले, तर हे म्हणाले, "इले... बी... इचार."

"माझ्या प्रश्नांत ते नाही," ती हसली. "पण विचारते. काकू, तुम्ही कशा आहात?"

"थकली व माय," मी म्हटलं. यांच्यासमोर असं मी कधी बोलले नव्हते. यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला.