छाटणीपासून मोजलेलं पोट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. भावाला नाही, देवापुढे नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्ही ऐकून घ्याल असं वाटतं — म्हणून.

दिंडोरीकडे आमची द्राक्षबाग. माझं डोकं पहिल्यापासून तापट. बैलाला मारलं, मजुराला मारलं, एकदा बंद पडलेल्या पंपाला लाथ घालून स्वतःचा अंगठा मोडून घेतला. घरात सगळे हसले. माझी बायको सुमनही हसली. पंपाची गोष्ट होती ना — हसायला काय जातं?

लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं. मग नाशकात, कॉलेज रोडला एका डॉक्टरीणबाईंकडे हार्मोनची इंजेक्शनं सुरू झाली. सुमन आत जायची, मी बाहेर रसवंतीवर बसायचो. बायकांचं दुखणं, आपलं आत काय काम? परतताना मोटारसायकलवर मागून ती सांगत असे — बाई काय म्हणाल्या, काय काय होऊ शकतं. मी हूं हूं करायचो. ऐकलं काहीच नाही.

आणि दिवस राहिले. एप्रिलची छाटणी नुकतीच उरकली होती. मी पेढे वाटले. थोड्याच दिवसांत माझी चुलती ओट्यावर बसून म्हणाली, "तुझ्या बायकोचं पोट लय वर आलंय रं. नव्या दिवसांचं एवढं नसतंय."

बस, एवढंच. आम्ही बागवाले घड पाहून छाटणी कधीची ते सांगतो. मण्याच्या आकारावरून दिवस मागे मोजतो — आणि चुकत नाही, असा आमचा तोरा. मी सुमनच्या पोटाकडे तसंच पाहिलं. मागे मोजत गेलो आणि पोचलो त्या दिवसांत, जेव्हा मी माल घेऊन दिल्लीला गेलो होतो. घरी नव्हतो. मग हे कुणाचं?

तिला विचारता आलं नसतं का? विचारलं नाही. ती भाकरी थापत होती. मी तिला केसांना धरून उठवलं, भिंतीवर आपटलं, आणि ती खाली पडल्यावर — पोटात लाथ घातली. एकच नाही. ती दोन्ही हात पोटावर धरून अंगाची जुडी करत होती, आणि मी ते हात ओढून बाजूला करत होतो. "का मारताय?" एवढंच तिनं विचारलं. मी सांगितलं नाही.

संध्याकाळी रक्त जायला लागलं. नाशकात नेलं, तोवर गर्भ गेला होता. वळ अजून उमटायचे होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुठे पडलात का?" सुमन माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाही." मग बाई मलाच समजावत बसल्या. त्या इंजेक्शनांनी अंडाशयं सुजतात, पोटात पाणी साठतं, म्हणून पोट मोठं दिसत होतं. गर्भपिशवी अजून लहान संत्र्याएवढीच आहे. पिशवीचं अस्तर सुरुवातीला औषधांच्या आधारावर असतं, कधीकधी गर्भ धरत नाही. कुणाचाच दोष नाही, म्हणाल्या.

मी मान हलवली. मणी फुगवायला आम्हीही घड संजीवकाच्या पाण्यात बुडवतो — तेही हार्मोनच. असा घड त्याच्या दिवसांपेक्षा मोठा दिसतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

कदाचित तो गर्भ आपोआपही गेला असता. त्या 'कदाचित'ला धरून मी इतकी वर्षं काढली. पण लाथ कदाचित नव्हती. ती मी घातली.

पुन्हा उपचार झाले नाहीत. का मारलं, हे सुमनला आजही माहीत नाही. माझीच पिशवी कमकुवत, असं ती सगळ्यांना सांगते. डोहाळजेवणात ओटी भरायला पुढे होत नाही, मागे भांडी घासत बसते. मी कधी तिला थांबवलं? उलट एकदा पाहुणे बसले होते, विषय मुलाबाळांवर आला, आणि मीच म्हणालो, "हिला धरत नाही."

ती तिथेच चहा गाळत होती. तिनं सगळ्यांना चहा दिला. पहिला कप माझ्यापुढे ठेवला, आणि मी तो प्यालो.