गोळी कुठल्या आजीची?

"किएनो?" रासाबाईंनी स्क्रीनवरून तिसऱ्यांदा विचारलं. किएनो म्हणजे 'कुणाचं'. त्यांच्या हातात गोळ्यांची छोटी डबी होती.

"मोचुतेस," रूपाली ठणकावून म्हणाली. म्हणजे 'आजीची'.

त्याआधी चष्मा दाखवला, तो आजीचा. शाल दाखवली, तीही आजीची. उच्चार स्वच्छ, शब्दाचा शेवट बरोबर. मी शेजारी बसून मनातल्या मनात शाबासकी देत होते, थोडी तिला आणि जास्त स्वतःला. रासाबाईंचा चेहरा मात्र दर उत्तराला उतरत चालला होता.

हा इंटरव्ह्यू चालला होता कोल्हापुरात, मगदूमसरांच्या ऑफिसात. मगदूम मूळचे जयसिंगपूरचे, परदेशी नोकऱ्या लावून देणारी एजन्सी चालवतात. रासाबाई लिथुएनियातल्या एका वृद्धाश्रमाच्या संचालिका. रूपाली नेसरीची, इथल्या एका हॉस्पिटलात नर्सिंग असिस्टंट. आणि मी भाषा शिकवणारी. नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं लिथुएनियात राहिले आणि तिथली भाषा शिकले. कोल्हापुरात परत आल्यावर या भाषेचा उपयोग फक्त नवऱ्याशी भांडताना व्हायचा, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. मग एक दिवस मगदूमसर दारात उभे राहिले.

रूपालीला ही नोकरी हवी होती ती पगारापेक्षा नवऱ्यासाठी. तो तिकडे ट्रक चालवतो. लग्नानंतर जेमतेम संसार मांडला आणि तो गेला. तिला तिथे नोकरी मिळाली, तरच दोघं एका घरात राहणार होती. वृद्धाश्रमाची अट एकच: आजी-आजोबांशी त्यांच्या भाषेत बोलता आलं पाहिजे.

आता थोडं व्याकरण. घाबरू नका, लवकर संपेल. मराठीत 'आईचा पदर, आईची साडी, आईचं घर' असं आपण म्हणतो. चा-ची-चं हे वस्तूकडे बघून ठरतं. लिथुएनियन भाषेत वस्तू कुठलीही असो, मालकिणीच्या शब्दाचाच शेवट बदलतो. शब्द 'आ'ने संपत असेल तर 'ओस' होतो, 'ए'ने संपत असेल तर 'एस'. आई म्हणजे मामा, आईचं म्हणजे मामोस. आजी म्हणजे मोचुते, आजीचं म्हणजे मोचुतेस.

"मामा म्हणजे आई?" रूपाली पहिल्या दिवशी म्हणाली होती. "मग माज्या मामाला काय म्हणायचं?"

"त्याला तिकडे नेऊ नकोस," मी म्हटलं.

कोल्हापूरची बाई स्वतःबद्दल बोलताना 'मी जातो, मी येतो' म्हणते. अशा बाईला मी परक्या भाषेतलं स्त्रीलिंग शिकवायला निघाले होते. पण रूपालीने ते पटापट उचललं. नात्यांचे शब्द तर इतके पक्के झाले की भाजी चिरतानाही 'तेतोस, तेतोस' म्हणते, असं ती सांगायची. म्हणजे 'आत्याचं'. त्यामुळे इंटरव्ह्यूची मला अजिबात काळजी नव्हती.

रासाबाईंनी डबी खाली ठेवली आणि माझ्याशी बोलू लागल्या.

"व्याकरण चांगलं आहे हिचं. पण सुरुवातीला मी तीन बायकांचे फोटो दाखवले, आडनावं सांगितली, कुणाची वस्तू कुठली तेही सांगितलं. ही सगळ्यांना आजीच म्हणते. माझ्याकडे मजलाभर आज्या आहेत. गोळी कुठल्या आजीला द्यायची?"

त्यांनी एक फोटो पुन्हा वर धरला.

"आणि त्यातल्या उर्बोनिएने बाईंना मूलबाळ नाही. त्यांना कुणी आजी म्हटलं की त्या त्या दिवशी जेवत नाहीत."

पुढच्या आठवड्यात आणखी एकदा बोलू, तेव्हाही असंच झालं तर दुसरी उमेदवार घेऊ, एवढं सांगून त्यांनी कॉल बंद केला.

"आवो मॅडम, पोरगी झ्याक बोलली की!" मगदूमसर खुर्चीतून उठलेच. "मग बाईंचं बिनसलं कुठं?"

मी सांगितलं. ते डोक्याला हात लावून बसले. रूपालीला मात्र आपलं काय चुकलं तेच कळेना.

"म्हाताऱ्या माणसाला आजी न्हाय म्हणायचं तर काय म्हणायचं?"

"आडनाव घ्यायचं. काझ्लाउस्किएने, बुत्किएने, उर्बोनिएने."

"नाव घिऊ? आज्जीच्या वयाच्या बाईचं?" तिने चक्क पदर सावरला. "आमच्या नेसरीत मुस्काट फोडतील, मॅडम."

"मग इथे हॉस्पिटलात काय करतेस? वॉर्डात चार आज्या असल्या तर?"

"कॉटला नंबर हाय की! दोन नंबरच्या आजी, पाच नंबरच्या आजी."

वृद्धाश्रमात कॉटला नंबर नसतात. माणसं हॉलमध्ये बसतात, बागेत फिरतात, एकमेकींच्या खोलीत पत्ते खेळतात. ते त्यांचं घर असतं. हे तिला पटलं, पण पटणं वेगळं आणि तोंडातून निघणं वेगळं. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये मी फोटो समोर ठेवून आडनावं म्हणायला लावली. एरवी वॉर्डभर ऐकू जाणारा तिचा आवाज कुजबुजीवर आला. आडनावाचा शेवट तर ती गिळूनच टाकायची. मी रागावले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सासूला नावानं हाक मारल्यागत वाटतंय वो," ती म्हणाली. "जीभच उचलंना."

ज्या संस्काराबद्दल एरवी आपण पोरींचं कौतुक करतो, तोच तिच्या संसाराच्या आड आला होता. या गोष्टीवर मी रागवायचं तरी कुठल्या तोंडाने?

तेवढ्यात तिचा फोन वाजला. "आलो आलो, काकू," असं म्हणून तिने तो ठेवला.

"कोण गं?"

"पाटलीणकाकू. आमच्या घरमालकीण. मोटर चालू करायची हाय म्हणत्यात."

मी तिच्याकडे बघत राहिले. "अगं, घेतलंस की नाव!"

"नाव कुठं घेतलं? पाटलीणकाकू म्हणलो. मान दिऊन."

"त्या पाटलांच्या घरच्या म्हणून पाटलीण. हो ना?"

"व्हय."

"मग ऐक. काझ्लाउस्कसच्या घरची ती काझ्लाउस्किएने. त्या वयाच्या बहुतेक बायकांची आडनावं तिकडे अशीच असतात. आणि पुढे पोनिया लावायचं. पोनिया म्हणजे आपलं 'काकू' किंवा 'बाई' समज. पोनिया काझ्लाउस्किएने. यात त्या बाईचं स्वतःचं नाव कुठे आलं?"

तिचा चेहरा असा उजळला की मीच सुटकेचा श्वास सोडला.

"म्हंजे पाटलीणकाकूच की वो ही! आधी सांगायचं न्हाय व्हय?"

त्यानंतर तिला आवरणं कठीण झालं. आपली अख्खी गल्ली तिने लिथुएनियात नेली. पाटलीणकाकूंचा चष्मा म्हणजे 'पोनिओस पाटलिएनेस आकिनेइ'. समोरच्या गुरवकाकूंची चप्पल, कोपऱ्यावरच्या सुतारकाकूंचं मांजर, काही सुटलं नाही. हे खुद्द पाटलीणकाकूंच्या कानावर गेलं. आपल्या चष्म्याची परदेशात चर्चा आहे म्हणून त्या खूश झाल्या म्हणे.

दुसऱ्या इंटरव्ह्यूला मी अर्धा तास आधीच जाऊन बसले होते. रूपालीने मात्र सकाळी वॉर्डची ड्यूटी करून, डबा खाऊन, थेट ऑफिस गाठलं होतं. रासाबाईंनी नमस्कार-चमत्कारात वेळ घालवला नाही. त्यांनी परत तीन फोटो दाखवले, कुणाची वस्तू कुठली ते सांगितलं आणि शाल वर धरली.

"किएनो?"

"पोनिओस बुत्किएनेस." खणखणीत. बुत्किएने बाईंची.

गोळ्यांची डबी. "पोनिओस उर्बोनिएनेस."

मगदूमसरांनी मला अंगठा दाखवला. रासाबाईंनी मग आणखी एक डबी वर धरली. ही डबी आधी दाखवलेली नव्हती. कुणाची ते सांगितलेलं नव्हतं, आणि तिच्यावर चिठ्ठीही नव्हती.

"किएनो?"

रूपाली बघत राहिली. डबी बघितली, तिन्ही फोटो बघितले, परत डबी बघितली. झालं, विसरली पोरगी, असं मला वाटलं. टेबलाखालून तिला हळूच ढोसावं इथपर्यंत माझी मजल गेली होती. मगदूमसर तर कॅमेऱ्याच्या बाहेरून नुसत्या ओठांनी 'काझ, काझ' करत होते. एक आडनाव उरलंय तर तेच ठोकून दे, असा त्यांचा हिशेब.

"नेझिनाउ," रूपाली म्हणाली. माहीत नाही.

मगदूमसरांनी डोळे मिटले.

"पाक्लाउस्यू स्लाउगितोयोस," तिने पुढे सांगितलं. सिस्टरना विचारते. मग थोडं थांबून, शब्द जुळवत, "तोपर्यंत कुणालाच देणार नाही."

रासाबाईंनी डबी बाजूला ठेवली आणि पहिल्यांदाच हसल्या.

"मागच्या दोन उमेदवारांनी इथे अंदाजाने नाव ठोकून दिलं होतं," त्या मला म्हणाल्या. मग रूपालीकडे वळून विचारलं, "कधी येऊ शकतेस?"

"रितोय!" रूपाली म्हणाली. उद्या!

"आगं, व्हिसा लागतोय, व्हिसा!" मगदूमसर ओरडले, पण तेही हसतच. मला इतकं हलकं वाटलं की तिथल्या पाहुण्यांसाठी ठेवलेली बिस्किटं मी एकटीने संपवली. रूपालीने कॉल संपताच नवऱ्याला फोन लावला. "मी येतो," एवढंच म्हणाली.

व्हिसाला वेळ लागला, पण ती गेली. आता दोघं एकाच घरात भांडतात, असं तिनेच कळवलं. वृद्धाश्रमात तिचं बरं चाललंय. उर्बोनिएने बाई दोन वेळा जेवतात.

मी अजूनही मामोस-मोचुतेसपासूनच शिकवायला सुरुवात करते, कारण ते शब्द लवकर बसतात. फक्त शेवट पक्के झाले की नातीगोती बंद करून आडनावांवर येते. कुरकुर होतेच. मी सांगते, घरात आजी म्हटलं की भागतं. कामावर प्रत्येक आजीला आडनाव असतं, आणि गोळी त्या आडनावाची असते.