हळदीकुंकवाच्या कार्डाची तिसरी टेस्ट

सुनेत्रादीदी बिस्कीट चहात बुडवत नाही. चहा संपला की कोरडंच खाते. फोन वाजला की आधी चष्मा लावते, नंबर बघते, मग चष्मा काढून बोलते. डब्यातली मिरची झाकणात काढून ठेवते आणि शेवटच्या घासाला खाते. कुणी ‘झालंच समजा’ म्हटलं, की ‘म्हणजे नाही झालं’ असं म्हणते. आणि नसलेल्या माणसांबद्दल असल्यासारखी बोलते.

ही शेवटची सवय नेहाला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळली.

“लहानूला फोन नाही,” दीदी स्क्रीनकडे बघत म्हणाली, “तर त्याचं पानच उघडून नाही राहिलं. बिचारा.”

नेहाने मागे वळून पाहिलं. ऑफिसात लहानू नावाचं कुणी नव्हतं.

ऑफिस शहराच्या जुन्या बाजारात, बड्या फुहाऱ्याजवळ, साड्यांच्या दुकानावर. मालक धनेश भैया. दुकानं, शाळा, सोसायट्या यांच्या वेबसाइट तिथे बनतात. वेबसाइटवर प्रत्येक माणसाचं पान वेगळं लिहीत नाहीत. एक साचा करतात, त्यात रिकाम्या जागा ठेवतात, नावं-पत्ते मशीन भरतं. साचा बरोबर आहे का, हे बघायचं काम सुनेत्रादीदीचं. ते ती डोळ्यांनी करत नाही. ती टेस्ट लिहिते. एक खोटा माणूस बनवायचा, त्याला साच्यात घालायचं, आणि पानावर काय दिसायला हवं ते आधीच लिहून ठेवायचं. तसं दिसलं तर हिरवा ठिपका. नाही दिसलं तर लाल. टेस्टला नुसतं नाव दिलं आणि आत काही लिहिलं नाही, तर पिवळा.

लहानूला फोन नव्हता. राखीचं आडनाव इतकं लांब की चौकटीबाहेर जायचं. गुणवंतने जन्मतारीख पुढच्या सालातली टाकली होती. ही सगळी दीदीची माणसं. एका मिठाईवाल्याच्या साइटवर ऐन दिवाळीत पेढ्याचा भाव कोरा दिसला होता. तेव्हापासून धनेश भैयाचा नियम होता, सगळे ठिपके हिरवे झाल्याशिवाय पान ऑफिसबाहेर जायचं नाही.

नेहा साहित्यात बी.ए. झालेली. पानांवरचे शब्द लिहायला तिला घेतलं होतं. तिने एक वाक्य सुधारलं आणि दीदीच्या टेस्ट धडाधड लाल झाल्या.

“काहून बदललंस?”

“पहिलं चांगलं वाटत नव्हतं, दीदी. सरकारी नोटीस वाटत होती.”

दीदीने दोन्ही वाक्यं वाचली. “तुझं चांगलं आहे,” ती म्हणाली. मग तिने आपल्याच टेस्ट बदलल्या. आता त्या शब्द न् शब्द बघत नव्हत्या, पान काही सांगतंय की नाही तेवढं बघत होत्या. “शब्द तुझे. पण पानाने गप्प बसलेलं मला चालत नाही. माणसाला वाटतं, आपल्यालाच काही दिसत नाही.”

त्या दिवसापासून दोघी डबा एकत्र खाऊ लागल्या.

डिसेंबरात रांझीच्या, म्हणजे शहराच्या टोकाला असलेल्या कारखान्याच्या वस्तीतल्या, मराठी मंडळाचं काम आलं. सदस्यांची पानं, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं कार्ड. प्रत्येकीच्या फोनवर तिच्या नावाचं कार्ड जायचं होतं. धनेश भैया म्हणाला, “सुनेत्रा जी, ये तो आपके घर का काम है.” ते खरंच होतं. दीदी रांझीलाच राहते, सासूबरोबर. सासू चंपाबाई मंडळाच्या जुन्या कार्यकर्त्या, अजूनही कमिटीवर. दीदीचा नवरा श्रीरंग कारखान्यात होता. दोन वर्षांपूर्वी ड्यूटीवरून आला, छातीत दुखतंय म्हणाला आणि गेला.

कार्डाचा साचा गौरांगने लिहिला; ऑफिसात साचे तोच लिहितो. गौरांगच्या घरी आई सौ. आणि बहीण कु. त्याने लिहिलं, लग्न झालेलं असेल तर नावापुढे सौ., नाहीतर कु. दीदीने दोन टेस्ट लिहिल्या. दोन्ही हिरव्या. तिसरीला तिने नुसतं नाव दिलं: ‘नवरा हयात नसलेल्या सदस्येचं कार्ड.’ खाली काही नाही. पिवळा ठिपका. नेहाला वाटलं, उद्या लिहील.

नमुन्याला हिरव्या ठिपक्यांचा नियम नव्हता, म्हणून कमिटीला बघायला तेवढी कार्डं गेली. रविवारी नेहा दीदीकडे जेवायला गेली होती. चंपाबाई फोन डोळ्यांपासून लांब धरून वाचत होत्या.

“कुमारी चंपाबाई! अगं सुनेत्रा, तुमच्या मशीनने मला परत उजवायचं ठरवलं की काय?”

“आई, नमुना आहे तो.”

“नमुना तर मी आहेच. बघा म्हणावं एखादं स्थळ. पेन्शनवाला चालेल. फक्त घोरणारा नको, एक भोगला.”

नेहाला ठसका लागला. दीदीही हसली. मग चंपाबाईंनी विचारलं, “तुला काय आलं गं?”

“मी कमिटीत नाही, आई. मला नाही आलं.”

“आलं तर तू पण कुमारीच.”

“हो.”

चंपाबाईंनी फोन पालथा ठेवला आणि नेहाला भाकरी वाढली.

सोमवारी भय्यासाहेब ऑफिसात आले. मंडळाचे सेक्रेटरी, कारखान्यातून रिटायर झालेले, गळ्याला मफलर. ते हसतही होते आणि चिडलेही होते.

“चंपावहिनींना कुमारी केलंत तुम्ही लोकांनी! सगळी रांझी हसून राहिली.”

“मग काय लावायचं, भय्यासाहेब? श्रीमती?” दीदीने विचारलं.

“अगं बेटा, लावायचं कशाला? कार्ड हळदीकुंकवाचं. त्यांना ते जातच नाही. मंडळातली आमची प्रतिमा कार्डं हाताने लिहायची तेव्हा तिला ठाऊकच असायचं कुणाला लिहायचं नाही.”

“मशीनला ठाऊक नसतं. त्याला सांगावं लागतं.”

“तर सांगा ना. चलो, उसमें क्या है.”

“लिहून सांगावं लागतं.”

“काय लिहून?”

“नवरा गेलेल्या बाईचं नाव टाकलं, तर कार्ड कोरं आलं पाहिजे. कोरं आलं तर बरोबर, नाव दिसलं तर चूक.”

भय्यासाहेबांनी मफलर सोडला, परत गुंडाळला.

“असं बोलू नये, बेटा. ऐकायला कसंतरी वाटतं.”

“लिहायला पण.”

“रिवाज मी नाही काढला.”

“तुम्ही नाहीच काढला. पण ठरवणार तुम्हीच ना? श्रीमती ठरवा, नुसतं नाव ठरवा. सौ. पण नको, कु. पण नको, सगळ्यांना नुसतं नाव ठरवा. मी आत्ता लिहून देते.”

“सौ. काढलं तर बायका मला रस्त्यात धरतील.” ते उठले. दारापाशी थांबून म्हणाले, “कमिटीला विचारतो.”

गुरुवारी त्यांचा फोन धनेश भैयाला आला. कमिटीने पूर्वीचाच रिवाज ठेवायला सांगितलं होतं. चंपाबाई एकट्या विरुद्ध होत्या. गौरांगने साचा बदलला. आता तसं नाव आलं की कार्ड बनत नव्हतं. जे सांगितलं ते साचा अगदी बरोबर करत होता. राहिली होती फक्त टेस्ट.

“एक लाइन है, सुनेत्रा जी,” धनेश भैया म्हणाला. “क्लायंट का काम है. मुझे भी अच्छा नहीं लग रहा.”

“मालूम है, भैया.”

दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं. नेहा शेजारी खुर्ची ओढून बसली. दीदीने नवी बाई बनवली. नाव मीरा. राहणार रांझी. फोन आहे. वर्गणी भरलेली. पतीच्या रकान्यात तिने जे लिहायचं ते लिहिलं. मग टेस्टच्या नावाखालच्या ओळीवर आली आणि थांबली.

वर जाऊन तिने मीराचा पत्ता परत वाचला.

“दीदी?”

“लहानूला फोन नव्हता,” दीदी म्हणाली, “तर मी गौरांगला सांगून ओळ घालून घेतली, ‘फोन नोंदवलेला नाही’. राखीचं आडनाव बसेना, तर चौकट मोठी करायला लावली. हिच्याकडे सगळं आहे. आणि मला लिहावं लागून राहिलं, की ही कुठेच दिसली नाही तर बरोबर. मग हिरवा ठिपका येईल.”

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मी लिहीन गं. हात नाही चालून राहिला.”

थोड्या वेळाने तिने डबा पिशवीत टाकला आणि रांझीची बस धरायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली. भांडली नाही, रजा घेतली नाही. एका शाळेच्या फीचं पान तपासायला घेतलं. मंडळाची फाइल तिने उघडली नाही.

धनेश भैयाने दोन दिवस वाट पाहिली. मग नेहाला बोलावलं. “तू लिख दे. तुझे तो सिखाया है न उसने?”

शिकवलं होतं. नेहाने फाइल उघडली. ओळ तिला पाठ होती. अमुक नाव पानावर दिसू नये, एवढंच लिहायचं होतं. शब्द सोपे होते. पलीकडे दीदी फीच्या पानावरच्या कुठल्याशा मुलाला चौथीतून पाचवीत घालत होती. नेहा फाइलकडे बघत राहिली. तिला वाटलं होतं, रीत म्हणजे कुणीतरी फार पूर्वी ठरवून ठेवलेली गोष्ट. ती इथे, कीबोर्डवर, तिच्याकडून मागितली जाईल असं तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

तिने फाइल बंद केली. “मुझसे नहीं होगा, भैया.”

“काहे?”

नेहाने मान दीदीच्या टेबलाकडे वळवली. धनेश भैयाने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि तो खाली चहा प्यायला गेला. गौरांगला त्याने ती ओळ लिहायला सांगितलं नाही. नियमही मोडला नाही.

संक्रांत आली. तिसरा ठिपका पिवळाच होता, फोनवर कार्ड गेलंच नाही. प्रतिमाकाकूंनी बसून हाताने कार्डं लिहिली. भय्यासाहेबांनी स्कूटरवरून घरोघर वाटली. श्रीरंग असेपर्यंत दीदीच्या घरी तिच्या नावाचं कार्ड यायचं. याही वर्षी आलं नाही. भय्यासाहेब मात्र तिच्या दारावरून गेले नाहीत. मागच्या गल्लीने गेले, असं चंपाबाईंनी सांगितलं.

फेब्रुवारीत मंडळाची साइट सुरू झाली. सदस्यांची पानं त्यात आहेत. कार्डाचं पान नाही, ते पुढच्या वर्षावर टाकलंय.

टेस्टची फाइल तशीच आहे. दीदीने ती खोडली नाही. टेस्टच्या नावाखाली मीरा आहे, रांझीची, फोन असलेली. तिचं काय दिसायला हवं, ती ओळ लिहायची राहिली आहे.