धाकटीच्या फ्रॉकचा रंग

सिंधमधून आलेली कुटुंबं बऱ्हाणपुरात नुकतीच स्थिरावू लागली होती, तेव्हाच्या एका संक्रांतीची ही गोष्ट. मी नऊ-दहा वर्षांची असेन. बाबा शाळेत मास्तर होते. लोधीपुऱ्यातून आम्ही सगळे तापीवर स्नानाला गेलो. घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. ओलं लुगडं पिळायला आईने धाकटीचा हात सोडला आणि पिळून होईस्तोवर ती दिसेनाशी झाली. चार वर्षांची पोर.

बाबांनी पायऱ्या पालथ्या घातल्या. मग आम्ही बंदोबस्तावरच्या हवालदाराकडे गेलो.

"कपड़े किस रंग के थे?" त्याने विचारलं.

"लाल फ्रॉक," आई म्हणाली.

"नाही गं, पिवळा," मी म्हणाले.

बाबा म्हणाले, "मला तर पांढरट आठवतोय."

हवालदार आमच्याकडे बघत राहिला. "आपकी ही बच्ची है ना?"

आईचा चेहरा उतरला. सकाळी तिनेच धाकटीला न्हाऊ घालून फ्रॉक चढवला होता. "लालच होता," ती पुन्हा म्हणाली. आईला ठाऊक नाही तर कुणाला, म्हणून हवालदाराने लाल फ्रॉकवाल्या मुलीची हाकाटी केली. गर्दीत जिथे तिथे लाल दिसू लागलं. आई प्रत्येक लाल परकराकडे, ओढणीकडे धावायची आणि तशीच परत यायची.

दुपार कलल्यावर धाकटी सापडली. पापड विकायला बसलेल्या एका सिंधी बाईच्या मांडीवर झोपली होती. तिच्या अंगात निळा फ्रॉक होता. दिवाळीला आईनेच शिवलेला.

"आवाज़ तो मैंने भी सुनी," ती बाई म्हणाली. "पर लाल बोल रहे थे. मैंने सोचा, किसी और की होगी."

आई तिच्या पाया पडायला वाकली, तर तिने वरच्या वर धरलं. बाबांनी आईला एका शब्दानेही बोल लावला नाही. पण तेव्हापासून तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसाच उडाला. आम्ही शाळेला निघालो की ती आमच्या कपड्यांचे रंग मोठ्याने म्हणायची, आणि मग मला विचारायची, "बरोबर ना?"

तो फ्रॉक पुढे कितीतरी वर्षं ट्रंकेत होता. मी तो हातात घेतलाय, उन्हात धरून पाहिलाय. निळाच. तरी आजही तो घाट आठवला की पायऱ्यांवरून निघालेली धाकटी मला पिवळ्या फ्रॉकमध्येच दिसते. काही केल्या निळी होत नाही.

धाकटीच्या लग्नात, अक्षता पडत असताना आईने माझा दंड धरला. "शालू हिरवाच आहे ना गं?"

"हिरवाच आहे, आई."

तिने मान हलवली, पण माझा दंड सोडला नाही.